डाव्या मडगार्डमधला पोचा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी आईच्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि तिला चिकटून बॉनेटवरचा तळहाताएवढा रंग निघून आला. खाली पत्रा तांबूस झाला होता. तो पोपडा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "रंग द्यायला झालीय."

गाडी आईची म्हणायची, कारण चालवायची तीच. घेतली होती बाबांनी, बदली होऊन चाललेल्या एका साहेबांकडून. तेव्हा रस्त्यावर मोटारी दोनच प्रकारच्या दिसत, एक मोठी, अंगाने गोल, आणि एक छोटी, चौकोनी तोंडाची. आमची छोटी. लहानपणी विटी लागून बाबांचा एक डोळा अधू झाला होता, त्यामुळे त्यांनी लायसन काढलंच नाही. आईने पस्तिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. ती नाशिकला पंचवटीतल्या एका शाळेत शिकवायची. भाजीबाजारातून गाडी जायला लागली की बायका टोपल्या मागे ओढून घ्यायच्या आणि वाकून आत बघायच्या. आई सरळ समोर बघत चालवायची, आणि शेजारी बाबा मांडीवर डबा घेऊन बसलेले असायचे. रविवारी सकाळी बाबा गाडी धुऊन पुसून काढत. आईने चालवायची, बाबांनी पुसायची, अशी त्यांची वाटणी होती.

आईला जाऊन आता चार वर्षं झाली. त्याआधी सात-आठ वर्षं गुडघ्यांमुळे तिने गाडीला हात लावला नव्हता. म्हणजे गाडी पोर्चमध्ये उभी होती ती उभीच.

दोन गॅरेजवाले येऊन बघून गेले. दोघांचंही म्हणणं एकच, गाडी उचलून न्यावी लागेल आणि महिना-दीड महिना तिथेच राहील.

"गेटाबाहेर जायची नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, महिन्याचाच प्रश्न आहे."

"महिनाभर मी काय बघत बसू?"

बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची खुर्ची पोर्चकडे तोंड करून असते आणि दिवसाचा बराच वेळ ते गाडीकडे बघत असतात, हे मला माहीत होतं. पण ते स्वतःच्या तोंडाने असं काही बोलतील असं वाटलं नव्हतं. मग मीच ठरवलं की आपणच रंगवू. मी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केली. थिनरचा वास मला नवा नव्हता. माझे यजमान त्या वेळी पुण्याला मुलाकडे होते. फोनवर म्हणाले, "तू रंगवणार? गाडी?" मग म्हणाले, "मास्क लावत जा."

संक्रांतीनंतर मी द्वारका चौकाजवळच्या रंगाच्या दुकानात यादी घेऊन गेले. पॉलिश पेपर, वॉटर पेपर, प्रायमर, थिनर, मास्किंग टेप. दुकानात स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा सदरा. दुकानदार त्यांना चाचा म्हणत होता. त्यांनी यादी ऐकली आणि विचारलं, "गाडी कोण रंगवणार, ताई?"

"मीच."

ते हसले नाहीत. म्हणाले, "रंग एक दिवसाचा. त्याच्या आधीचं काम दोन महिन्यांचं. ते नीट झालं तर रंग कसाही मारा, चांगलाच दिसतो."

चाचांनी उभं आयुष्य डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. आता हात थरथरायचे म्हणून काम सोडलं होतं, पण घरी करमत नाही म्हणून दुकानात येऊन बसायचे. मी विचारलं, येऊन दाखवाल का? ते म्हणाले, "हात गेले, पण डोळे शाबूत आहेत. बघायला येईन."

ते सोमवारी आणि गुरुवारी रिक्षाने यायचे. आले की आधी बाबांना सलाम करायचे, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा घ्यायचे आणि मग गाडीभोवती एक फेरी मारायचे. मी बंपर, दिवे, चकचकीत पट्ट्या, काचांची रबरं सगळं उतरवलं. स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घालून वर चिठ्ठ्या लावल्या. गाडी साबणाने धुतली, वाळवली, थिनरच्या फडक्याने पुसली. मग घासायला सुरुवात केली. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. पहिल्या आठवड्यात माझी बोटं इतकी सोलली की कणीक मळताना मीठ लागलं तरी झोंबायचं.

"डोळ्याने बघू नका," चाचा सांगायचे. "डोळा फसतो. पातळ फडकं ठेवा, त्यावरून हात फिरवा. हाताला कळतं कुठे उंच आहे, कुठे खोल."

मी हात फिरवायचे. खरंच कळायचं. वरचा निळा रंग बाबा निवृत्त झाले त्या वर्षीचा. तो घासला की खालून फिकट पिवळसर दुधी रंग वर यायचा. माझ्या आठवणीतली गाडी त्याच रंगाची. दारावर तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मी पेपर खाली ठेवला आणि आत जाऊन पाणी प्याले. त्या दाराच्या खिडकीवर कोपर टेकून आई शाळेच्या गेटाशी माझी वाट बघत थांबायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी चाचांनी खिशातून फडक्यात बांधलेलं लोहचुंबक काढलं. ते पत्र्यावर जागोजागी लावून बघत चालले. सगळीकडे चिकटलं. डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर, मडगार्डला लावलं आणि ते गळून खाली पडलं.

"इथे लांबी आहे," ते म्हणाले. "जाड भरलीय."

लांबी म्हणजे पत्र्यातला खड्डा बुजवायला भरतात ती पुट्टी. मी म्हटलं, "गाडीला कधी मार बसल्याचं मला तरी माहीत नाही."

"खरवडा."

मी पुट्टी लावायची पत्री घेऊन खरवडायला लागले. लांबी फुगली होती, आतून पाणी शिरलं होतं. पाच-दहा मिनिटांत बशीएवढा एक तुकडा अख्खा सुटून आला. खाली उभा पोचा होता, खोल, वीतभर लांब. आणि पोच्यात एका ओळीत पितळेचे तीन ठिपके.

चाचा खाली वाकले. मग चक्क फरशीवर बसले. बोट त्या तीन ठिपक्यांवरून फिरवलं.

"ताई, ही गाडी आधी दुधी रंगाची होती?"

"हो. दिसतोच आहे ना खाली."

"आणि एक बाई चालवायच्या. चष्मा. सुती साडी."

"माझी आई," मी म्हटलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"हे काम माझं आहे," ते म्हणाले. "इथे पत्रा दुहेरी असतो, आतून हातोडी जात नाही. म्हणून भोकं पाडून आकड्याने ओढायचं. बाकीचे भोकं तशीच सोडून लांबी थापतात. मी पितळ भरायचो, पाणी जाऊ नये म्हणून." बोट ठिपक्यांवर तसंच ठेवून ते म्हणाले, "बाईमाणूस गाडी घेऊन आली, अशी तेव्हा आमच्याकडे एकच आली. विसरणार कसं."

बाबा आत झोपले होते. दुपारचे तीन वाजले असतील. चाचांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसून ऐकलं.

पावसाळ्याचे दिवस होते, शनिवार होता. दुपारी दोनच्या सुमाराला आई त्यांच्या गॅरेजमध्ये आली. मडगार्ड आत गेलेलं. म्हणाली, संध्याकाळी सहाच्या आत असं करून द्या की कुणाला कळता कामा नये. चाचा म्हणाले, अशक्य आहे, निदान दोन दिवस लागतील. आई म्हणाली, मग जेवढं होईल तेवढं करा, मी इथेच बसते. आणि ती बसली, एका जुन्या टायरवर वर्तमानपत्र टाकून, चार तास. घाईत पत्रा अर्धाच ओढता आला. बाकी लांबी भरून, दिव्याच्या उष्णतेवर वाळवून, वरून रंग मिळवून मारला.

"मी विचारलं, बाई, कुठे लागली गाडी? म्हणाल्या, इगतपुरीला. रेल्वेच्या क्वार्टरांपाशी. मुलगी राहते तिथे माझी."

हातातला लांबीचा तुकडा मी फरशीवर ठेवला.

"धुकं होतं म्हणे. पाऊस जरा थांबला होता आणि मुलगी दोरीवर कपडे टाकायला बाहेर आली. पोट दिसत होतं, म्हणाल्या. मग मुलगी वळली, गाडीकडे बघते असं वाटलं, म्हणून यांनी घाईने गाडी मागे घेतली. मागे जुना रूळ रोवून केलेला खांब होता." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "ती तुम्हीच का?"

"मीच," मी म्हटलं.

हे सांगायला हवं. माझ्या यजमानांशी मी लग्न केलं ते घरच्यांच्या मर्जीविरुद्ध. ते वेगळ्या जातीचे, रेल्वेत नोकरीला, तेव्हा इगतपुरीला होते. बाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "जायचं तर जा, मग यायचं नाही." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने तोंड उघडलं नाही. दोन वर्षं मला त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. इगतपुरीचा तो पाऊस, चार-चार महिने ओल्या भिंती, वाळतच नाहीत असे कपडे, आणि मी. मी आईवर बाबांपेक्षा जास्त रागावले होते. ती गाडी चालवणारी बाई होती. तिला कोण अडवणार होतं? यायचं असतं तर आली असती, असं मी किती वेळा मनाशी म्हटलं असेन. मग मुलगा झाला, नाशिकच्याच दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी दोघंही डबा घेऊन दारात हजर. पुढे यजमानांची बदली नाशिक रोडला झाली. येणं-जाणं सुरू झालं. त्या दोन वर्षांबद्दल आमच्यात एक शब्द कधी निघाला नाही. आई एकोणऐंशीव्या वर्षी गेली, तिचं शेवटचं दुखणं मी काढलं, रात्रंदिवस तिच्या उशाशी बसले. तेव्हाही नाही.

चाचा गेल्यावर मी बराच वेळ तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. दोरी आठवली. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली बाई आठवली. मी कधी वळले, समोर गाडी दिसली का, मागे घेताना इंजिनाचा आवाज झाला का, पत्र्याचा आवाज तर झालाच असेल, यातलं काहीच आठवलं नाही. आजही आठवत नाही. तो दिवस माझ्यासाठी इतर दिवसांसारखाच कपडे दोरीवर टाकण्यात गेला असणार.

सोमवारी चाचा आले. मी म्हटलं, "हा पोचा असाच राहू दे ना. वरून लांबी भरू."

त्यांनी मान हलवली. "आत गंज धरलाय. ठेवला तर दोन पावसाळ्यांत भोक पडेल. गाडी ठेवायची तर हे काढलं पाहिजे, बेटा."

तोवर ते मला ताई म्हणायचे.

त्यांनी पितळ कुठे फोडायचं ते खडूने दाखवलं, मी ड्रिल धरलं. त्याच तीन भोकांत आकडा घातला. मी ओढायचं आणि भोवतीने हलक्या हाताने ठोकायचं, त्यांनी बाजूने डोळा लावून सांगायचं, "अजून. थोडं अजून. बस." एका वेळी तांदळाएवढा पत्रा पुढे यायचा. दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मला सारखं वाटत होतं की आईने केलेली एकच खूण माझ्याजवळ उरली होती आणि ती मी माझ्याच हाताने सपाट करतेय. पण ठोकायचं थांबवलं नाही. चाचांच्या ओळखीचा वेल्डर येऊन भोकं बंद करून गेला. गंज घासून काढला, त्यावर पातळ लांबी भरली, कागदाइतकी पातळ. वाळल्यावर पाणी सोडत वॉटर पेपरने घासली. फडकं ठेवून हात फिरवला तर काहीच कळलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला प्रायमर मारला. गाडी चारही बाजूंनी सारखी राखाडी झाली. त्या दुपारी मी बाबांच्या शेजारी येऊन बसले. सांगू की नको, असं दोन आठवडे चाललं होतं. या वयात त्यांना कशाला, असंही वाटायचं. पण न सांगता मला गाडीकडे बघवेना.

"बाबा, त्या मडगार्डमध्ये पोचा होता. आई इगतपुरीला आली होती. मी तिथे होते तेव्हा."

बाबा गाडीकडेच बघत होते. म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रविवारी आतून काच पुसायचो. किलोमीटरचा आकडा दिसायचा. शाळेचं येणं-जाणं किती होतं ते मला माहीत होतं. एखाद्या आठवड्यात एकदम नव्वद-पंच्याण्णव जास्त." ते दमल्यासारखे थांबले. "इगतपुरी जाऊन-येऊन तेवढंच होतं."

"म्हणजे ती एकदाच आली नव्हती?"

"एकदा कसली. महिन्यातून एकदा तरी. शनिवारी सकाळची शाळा असायची तिची. त्या पोच्याच्या वेळी दोन दिवस रंगाचा वास होता गाडीला. मी काही बोललो नाही. तिला वाटायचं, मला कळलं नाही."

"तुम्ही तिला कधी म्हणालाच नाहीत?"

"म्हणालो असतो तर जा म्हणावं लागलं असतं. नाहीतर जाऊ नको म्हणावं लागलं असतं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "शुक्रवारी घरी येताना पंपावर थांबायला लावायचो. ती म्हणायची, आहे की अजून पेट्रोल. मी म्हणायचो, असू दे भरलेलं."

मी उठले आणि गाडीमागे जाऊन उगाचच टेप लावत बसले. मला त्यांचा राग आला होता. इतक्या वर्षांनी, शहाऐंशी वर्षांच्या माणसाचा. दोन वर्षं दोघंही माझ्याकडे येत होते म्हणायचं, एक गाडीतून आणि एक पेट्रोल भरून, आणि मी त्या ओल्या खोलीत समजत होते की माझं कुणी नाही. शंभर पावलं पुढे यायचं होतं आईने. राग टिकला नाही. त्याच्याखाली नुसती आई हवी होती. तिला विचारायचं होतं, तू किती वेळ थांबायचीस? सोबत डबा आणायचीस का? परत जाताना घाटाच्या वाऱ्यात गाडी चालवताना तुला काय वाटायचं? यातलं एकही कुणी सांगू शकणार नव्हतं.

थोड्या वेळाने बाबांनी हाक मारली. "तुझं ते घर कसं होतं?"

बाबांनी माझं इगतपुरीचं घर कधी पाहिलंच नव्हतं. मी सांगितलं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून यार्डातली इंजिनं दिसायची. ते ऐकत राहिले. "गळायचं का?" त्यांनी विचारलं. "गळायचं," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये भाड्याचा कॉम्प्रेसर आणून, पोर्चला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावून मी रंग मारला. दुधी. उजव्या दारावर दोन ठिकाणी ओघळ आले. चाचा म्हणाले, पहिल्या खेपेला एवढं चालतं. मेकॅनिकने इंजिनाचं काम केलं, आणि मे महिन्यातल्या एका सकाळी मी बाबांना शेजारी बसवून इगतपुरीला घेऊन गेले.

क्वार्टरांची आमची ओळ आता पडीक आहे. दारं-खिडक्या काढून नेलेल्या, आत झुडपं. जिथून आत वळतो तिथे मी गाडी थांबवली. रुळाचे खांब अजून आहेत, चार-पाच, सगळे सारखेच, त्यामुळे नेमका कोणता ते कळायला मार्ग नाही. बाबा काठी टेकत खाली उतरले. मी हाताने दाखवलं, डावीकडून तिसरं आमचं. ते अधू डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिले.

"तू जा तिथे," ते म्हणाले. "उभी राहा."

मी गवतातून चालत गेले. दोरी बांधायचो तो खुंट नव्हता, पण जागा ओळखू आली. तिथे थांबून मी वळले. लख्ख ऊन होतं. गाडी दिसत होती, गाडीशेजारी एक माणूस उभा होता, पण ते बाबा हे कळलं ते केवळ मला आधीच माहीत होतं म्हणून. चेहरा दिसत नव्हता.

मी परत आले तेव्हा बाबा गाडीत बसले होते.

"इथून चेहरा दिसत नाही गं," ते म्हणाले. "ती म्हणजे नुसती आकृतीच बघून यायची."

मी गाडी सुरू केली आणि मागे घेताना दोनदा वळून पाहिलं.